लाँगबोला कंपाउंडचे जुने बाण लावण्याआधी

ज्या सातारा जिल्ह्याने टोकियो ऑलिम्पिकला सरड्याचा प्रवीण जाधव पाठवला आणि 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत जिथल्या आदिती स्वामीने कंपाउंडचं (कप्प्या लावलेल्या धनुष्याचं) वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, तिथे कार्बनचे बाण दिसणं नवलाचं नाही. मैदानावर चौकशी केली की कुणाकडे तरी पाच-सहा बाण पडून असतात. पिसं निघालेली, नॉक (दोरीत अडकणारी शेपटीची खाच) फुटलेले, पण शाफ्ट (बाणाची काडी) चांगले. लाँगबो, म्हणजे साधं लांब पारंपरिक धनुष्य, घेतलेल्या माणसाला हे बाण आपुलकीने दिले जातात, तोही आनंदाने घेतो, आणि पुढचे सहा महिने आपला बाण डावीकडेच का जातो हे शोधत बसतो. चूक हाताची नसते. बाण त्या धनुष्याचा नसतो.

कंपाउंडवरून आलेला बाण बहुतेक वेळा 400 किंवा 340 स्पाइनचा असतो (स्पाइन म्हणजे शाफ्टच्या वाकण्याचं माप; आकडा लहान तितका बाण कडक). चाळीस पाउंडाच्या लाँगबोसाठी तो फार कडक. रिकर्व्हवाल्याकडून (टोकं पुढे वळलेलं, ऑलिम्पिकचं धनुष्य वापरणाऱ्याकडून) आलेला बाण स्पाइनने कदाचित जवळपास असेल, पण स्पर्धेच्या रिकर्व्हचे शाफ्ट बारीक आणि हलके असतात, त्यांच्यावर प्लास्टिकची गुंडाळीची पिसं असतात आणि त्या धनुष्याला बाजूने दाब सांभाळणारा प्लंजर असतो. लाँगबोला यातलं काहीच नसतं. म्हणून लाँगबोचा बाण स्वतंत्रपणे, मुळापासून निवडावा लागतो. खाली सगळं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याच्या हिशेबाने लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट धरावं.

धनुष्यावरचा आकडा आणि तुमचा आकडा

लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूवर, 45 पाउंड, 28 इंच असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ दोरी 28 इंच ओढली तर 45 पाउंड. हे 28 इंच कुठून मोजायचे, इथेच पहिला गोंधळ होतो. ओढलेल्या दोरीपासून पकडीच्या सर्वांत खोल भागापर्यंत सव्वासव्वीस इंच, अधिक पावणेदोन इंच, असे ते 28 होतात. साधारणपणे हे माप धनुष्याच्या पलीकडच्या, म्हणजे लक्ष्याकडच्या पाठीपर्यंत येतं.

लाँगबो ओढताना कोपर जरा वाकलेलं राहतं, मान किंचित कललेली असते, अँकर (ओढलेला हात टेकण्याची जागा) गालाच्या हाडाजवळ किंवा ओठाच्या कोपऱ्यात असतो. त्यामुळे रिकर्व्हवर ज्याचा ड्रॉ (दोरी ओढण्याची लांबी) 28 इंच भरतो त्याचाच लाँगबोवर 27 किंवा 26 भरतो. रिकर्व्हच्या वहीतला आकडा इथे उचलून आणू नका. लांब शाफ्टवर इंचाच्या खुणा करा, जवळच्या बटवर (बाण मारायच्या गादीवर) नेम धरून नेहमीसारखं ओढा, आणि दुसऱ्या माणसाला पाठीच्या कडेशी कोणती खूण आली ते वाचू द्या. असं पाच-सहा वेळा करा. पहिल्या दोन वेळा माणूस जाणूनबुजून जास्त ओढतो, ते सोडून द्या.

मध्यम ताकदीच्या लाँगबोत एका इंचामागे साधारण अडीच पाउंड धरावेत. म्हणजे 45 पाउंडाचं धनुष्य 26 इंचावर 40 च्या आसपास येतं. नक्की पाहायचं तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल हुक-काटा घ्या, दोरीच्या मध्यावर अडकवा आणि आपल्या ड्रॉच्या खुणेपर्यंत ओढा. काटा किलोत दाखवत असेल तर 2.2 ने गुणायचं, 18.1 किलो म्हणजे 40 पाउंड. पुढचा सगळा हिशेब या मोजलेल्या आकड्यावर करायचा, लिम्बवर छापलेल्यावर नाही.

स्पाइन

स्पाइन म्हणजे शाफ्ट किती वाकतो याचं माप. 29 इंचाचा शाफ्ट 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवायचा आणि मधोमध 1.94 पाउंड, म्हणजे 880 ग्रॅम वजन टांगायचं. अर्धा इंच वाकला तर स्पाइन 500. म्हणून आकडा मोठा तितका बाण मऊ. 600 हा 500 पेक्षा मऊ, 400 हा 500 पेक्षा कडक. नवा माणूस इथे हमखास उलटं धरतो आणि धनुष्य जड झालं की मोठ्या आकड्याचा बाण मागतो.

लाकडी बाणांचं माप वेगळं आहे. तिथे आधार 26 इंचांवर आणि वजन 2 पाउंड असतं, आणि उत्तर पाउंडात सांगतात: 40-45, 45-50 असं. लाकडाचा 45-50 आणि कार्बनचा 450-500 यांचा एकमेकांशी संबंध नाही. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे शाफ्टवरचे जोड-आकडे. गोल्ड टिपच्या शाफ्टवर 3555 लिहिलेलं दिसलं की 35 ते 55 पाउंडाच्या कोणत्याही धनुष्याला तो चालेल असं वाटतं. तो साधा 500 स्पाइनचा शाफ्ट आहे. 1535 म्हणजे 600, 5575 म्हणजे 400, 7595 म्हणजे 340. पस्तीस पाउंडाच्या लाँगबोवर तो 3555 लावलात तर तो नक्की कडक पडेल.

शाफ्टवरचे आकडे पुसले गेले असतील, किंवा मिळालेल्या सहा बाणांत दोन जाती असाव्यात असा संशय असेल, तर घरच्या घरी मोजता येतं. एका सरळ फळीवर 28 इंच अंतराने दोन टेकू बसवा, मधोमध 880 ग्रॅम टांगा आणि शाफ्ट किती मिलिमीटर खाली आला ते डायल गेजने मोजा. सातारा एमआयडीसीत किंवा सांगलीकडे कुपवाड, मिरज, किर्लोस्करवाडीच्या पट्ट्यात ओळखीचा टर्नर-फिटर असेल तर त्याच्याकडे गेज असतोच. 10.2 मिमी म्हणजे 400, 12.7 म्हणजे 500, 15.2 म्हणजे 600, 17.8 म्हणजे 700, 20.3 म्हणजे 800. मोजताना शाफ्ट थोडा थोडा फिरवत न्या. स्वस्त शाफ्टची एक बाजू दुसरीपेक्षा कडक निघते. त्या कडक बाजूवर खूण करून सगळ्या बाणांत ती बाजू धनुष्याच्या भिंतीकडे, म्हणजे बाण ज्या बाजूला टेकतो तिकडे, येईल असा नॉक फिरवला, की एकाच डझनातला एखादा बाण विनाकारण भरकटतो तो प्रकार बराच कमी होतो. वीस मिनिटांचं काम आहे आणि ते करण्यासारखं आहे.

लाँगबोला मऊ बाण का लागतो

कंपाउंड किंवा ऑलिम्पिक रिकर्व्हचा रायझर (मधला पकडीचा भाग) मध्यरेषेच्या पलीकडे कापलेला असतो. बाण दोरीच्या सरळ रेषेत बसतो. लाँगबोचा शेल्फ (पकडीवरची बाण टेकायची खाच) बहुतेक वेळा मध्यरेषेपर्यंत पोहोचतच नाही, आणि जुन्या इंग्लिश पद्धतीच्या धनुष्याला तर शेल्फच नसतो, बाण मुठीवर टेकतो. त्यामुळे बाणाचं टोक डावीकडे झुकलेलं असतं आणि दोरी मात्र त्याला मधून ढकलत असते. बोटांवरून सुटताना दोरीही बाजूला सरकते. या दोन्हींमुळे बाण आधी धनुष्याकडे वाकतो, मग उलट वाकतो, आणि त्या वळणात त्याची शेपूट धनुष्याला न शिवता बाजूने निघून जाते. बाण पुरेसा वाकला नाही तर तो डावीकडे जातो किंवा भिंतीवर आपटतो. जास्त वाकला तर उजवीकडे.

म्हणून शाफ्ट मागवण्याआधी आपला शेल्फ किती कापलेला आहे ते बघा. धनुष्य चढवलेलं ठेवून दोरी वरच्या-खालच्या लिम्बच्या मधोमध येईल असं एका डोळ्याने पाहा आणि दोरीपासून शेल्फच्या भिंतीपर्यंतचं अंतर अंदाजा. आजकालच्या फायबरग्लास लाँगबोत भिंत मध्यरेषेच्या साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) अलीकडे असते. काहींत ती मध्यावरच असते, काहींत दोन सूत अलीकडे. चामड्याची किंवा वेल्क्रोची पट्टी चिकटवलेली असेल तर तिची जाडी यात धरायची.

एक सूत अलीकडे कापलेला शेल्फ, डेक्रॉनची (थोडी ताणणारी) दोरी, 29 ते 30 इंचाचा बाण आणि 125 ते 150 ग्रेनचा पॉइंट (बाणाचं टोक; साधारण 15 ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) असेल तर मी सुरुवात अशी करेन: मोजलेले 30 पाउंड असतील तर 800, 35 ला 700, 40 ला 600, 50 ला 500. पंचेचाळीस हा कटकटीचा आकडा आहे. तिथे 600 जरा आखूड किंवा 500 पूर्ण लांबीचा आणि जड पॉइंटचा, दोन्ही चालू शकतात, आणि मला दुसरा जास्त पटतो, कारण लांब शाफ्ट पुढे कापता येतो आणि आखूड झालेला वाढवता येत नाही. शेल्फ नसलेल्या धनुष्याला एक पायरी मऊ धरा. फास्ट फ्लाइटसारखी न ताणणारी दोरी असेल तर साधारण पाच पाउंड जास्त धरून शाफ्ट निवडा. मात्र जुन्या लाँगबोच्या टोकांना मजबुती दिलेली नसेल तर त्यावर अशी दोरी चढवूच नका. खाचेपासून लिम्ब चिरतो.

या आकड्यांनी फक्त कुठून सुरुवात करायची ते कळतं. खरा बाण पुढच्या चाचणीत ठरतो. म्हणून डझन मागवू नका. दोन स्पाइनचे तीन-तीन शाफ्ट मागवा, किंवा मैदानावरच्या दोघातिघांनी मिळून मागवा आणि आपसांत फिरवा.

बाकीच्या मापांवर फार वेळ घालवू नये. सरळपणा .006 इंच असला तरी लाँगबोसाठी पुरतो; .001 च्या शाफ्टचे जादा पैसे देऊन पंधरा मीटरवर काही फरक दिसणार नाही. तेच पैसे चांगल्या पिसांना घाला. आतला व्यास .246 इंच, म्हणजे 6.2 मिमीचा घ्या. त्याचे इन्सर्ट (पॉइंट बसवायची आतली नळी) आणि नॉक सगळीकडे मिळतात, साधे स्क्रूचे पॉइंट बसतात. बारीक शाफ्टचे सुटे भाग एकदा संपले की अडून बसावं लागतं.

लांबी, पॉइंट आणि वजन

स्पाइनचा छापील आकडा कायम राहतो, पण सुटताना बाण कसा वागतो ते लांबी आणि पॉइंटवर ठरतं. शाफ्ट लांब ठेवला की तो मऊ वागतो, कापला की कडक. पॉइंट जड केला की मऊ, हलका केला की कडक. म्हणून सुरुवातीला शाफ्ट पूर्ण लांबीचा ठेवायचा. कापायचा झाला तरी पूर्ण ड्रॉवर तो धनुष्याच्या पाठीपुढे किमान एक इंच उरलाच पाहिजे. शेल्फवरून बाण मागे ओढला गेला आणि टोक मुठीमागे येऊन सुटला तर तो थेट हातात घुसतो. अचूकतेच्या हव्यासापायी या एका इंचावर तडजोड करू नये.

आता वजन. लाँगबोची ताकद बाणाने शोषून घ्यावी लागते. बाण फार हलका असेल तर उरलेली शक्ती लिम्बमध्ये परत जाते, हाताला झटका बसतो, धनुष्य खणखणतं, आणि काही महिन्यांनी लॅमिनेशन (धनुष्याचे चिकटवलेले थर) सुटायला लागतं. पाउंडामागे 8 ग्रेनच्या खाली जाऊ नका. 9 ते 10 ग्रेन हे लाँगबोला सुखाचं वजन. धनुष्य बनवणाऱ्याने किमान वजन सांगितलं असेल तर तेच शेवटचं. चाळीस पाउंडाला 10 च्या हिशेबाने 400 ग्रेन होतात, म्हणजे 26 ग्रॅम. ग्रॅमला 15.43 ने गुणलं की ग्रेन. सोनाराकडचा किंवा त्या धर्तीचा 0.01 ग्रॅमचा छोटा काटा यासाठी पुरेसा आहे.

एक उदाहरण मांडून बघू. इंचाला 7 ग्रेन वजनाचा 600 स्पाइनचा शाफ्ट, साडेएकोणतीस इंच: 206 ग्रेन. ॲल्युमिनियमचा इन्सर्ट 14, नॉक 8, चार इंची तीन पिसं आणि गोंद मिळून 10. झाले 238. त्यावर 150 चा पॉइंट लावला की 388, आणि 175 चा लावला की 413. चाळीस पाउंडाला दोन्ही बरोबर. हाच हिशेब रिकर्व्हवाल्याच्या बारीक शाफ्टचा करून पाहा. 100 ग्रेनच्या पॉइंटसकट तो 300 च्या आसपास रेंगाळतो, म्हणजे पाउंडामागे साडेसात. तो बाण सुसाट जाईल आणि धनुष्याची वाट लावेल.

कार्बनचा शाफ्ट लाकडाच्या मानाने हलका असल्यामुळे वजन पुढे देता येतं, हा त्याचा मोठा फायदा. 50 किंवा 100 ग्रेनचे पितळी इन्सर्ट मिळतात. पुढचं वजन वाढलं की बाण लवकर सरळ होतो. तोल कुठे आहे ते काढायला बाण बोटावर तोलून नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूपर्यंत मोजा, त्यातून निम्मी लांबी वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागून शंभराने गुणा. 12 ते 18 टक्क्यांमध्ये आला तर लाँगबोला छान. पण पुढे वजन वाढवलं की बाण मऊ वागायला लागतो, हे विसरून पितळी इन्सर्ट ठोकले की चांगला जुळलेला बाण बिघडतो. वजन वाढवायचंच असेल तर ते चाचणीआधी ठरवा.

पिसं खरीच हवीत

शेल्फवरून मारायचं तर प्लास्टिकची पिसं चालत नाहीत. रेस्ट नसल्यामुळे पिसं शेल्फला आणि भिंतीला घासूनच जातात. खरं पीस दबतं आणि पुन्हा उभं राहतं. प्लास्टिक दबत नाही, बाणाची शेपूट उडवून देतं. कंपाउंडच्या बाणाची प्लास्टिकची पिसं खरवडून काढताना सुरी शाफ्टमध्ये रुतवू नका. कार्बनचा धागा कापला गेला की तो शाफ्ट गेला. बोथट पातं आडवं धरून हलकेच खरवडा आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा.

टर्कीची चार किंवा पाच इंची तीन पिसं पुरतात. डाव्या पंखाची आणि उजव्या पंखाची पिसं एका बाणावर कधीही मिसळू नका, आणि ज्या पंखाचं पीस त्याच बाजूला पीळ द्या. तुम्ही कोणत्या हाताने मारता याचा याच्याशी संबंध नाही. पीस चिकटलं की त्याच्या पुढच्या टोकावर गोंदाचा एक थेंब द्या. तो दिला नाही तर तिथूनच पीस उचकटतं, आणि सुटताना हातावरून जाणारं ते कठीण टोक कातडं चिरतं. नॉक लावताना वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवून सुरुवात करा.

नॉकची घट्टपणा चाचणी सोपी आहे. बाण दोरीला अडकवून खाली लोंबकळू द्या. तो स्वतःच्या वजनाने पडता कामा नये, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की निसटला पाहिजे. फार घट्ट नॉक बाणाला चाचणीत खोटं कडक-मऊ दाखवतो आणि तुम्ही स्पाइन बदलत बसता. दोरीवरचं सर्व्हिंग (मध्यावरची धाग्याची गुंडाळी) जाड असेल तर बारीक धाग्याने पुन्हा गुंडाळा.

बिनपिसांची चाचणी

सगळं इथे ठरतं, म्हणून घाई नको. आधी ब्रेस हाइट (चढवलेल्या दोरीचं पकडीपासूनचं अंतर) धनुष्यकाराने सांगितल्याप्रमाणे ठेवा आणि चाचणी संपेपर्यंत तिला हात लावू नका. नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण लावायची खूण) काटकोनापेक्षा अर्धा इंच वर बांधा. इन्सर्ट या टप्प्यावर कमी तापमानाच्या हॉट मेल्टने (वितळवून लावायच्या गोंदाने) बसवा, म्हणजे काढता येतील. उष्णता पॉइंटला द्यायची, शाफ्टला नाही. पॉइंट इन्सर्टमध्ये घट्ट करून तो गरम करा, कांडी वितळवून फिरवत आत ढकला. ज्योत शाफ्टला लागली की कार्बनमधलं रेझिन जळतं आणि टोकापाशी शाफ्ट भुसभुशीत होतो.

तीन बाण पिसांसह आणि दोन बिनपिसांचे, सगळ्यांचं वजन आणि लांबी एकसारखी. बिनपिसांच्या बाणाच्या शेपटीला पिसांच्या वजनाइतकी टेप गुंडाळली तर आणखी बरं. सुरुवात आठ-दहा मीटरवरून करा. जास्त कडक बिनपिसांचा बाण लांबून बटच्या बाहेरही जाऊ शकतो. आधी पिसांचे तीन मारा, ते एका जागी पडायला लागले की मगच बिनपिसांचे. ज्या दिवशी पिसांचेच बाण विखुरताहेत त्या दिवशी ही चाचणी करू नये, उत्तर खोटं मिळतं.

बिनपिसांचा बाण पिसांच्या डावीकडे पडला तर तो कडक आहे, उजवीकडे पडला तर मऊ. बटमध्ये तो कोणत्या कोनात घुसला यावर फार विश्वास ठेवू नका, कारण फोम किंवा गवताचा थर त्याला वळवतो. पडण्याची जागा बघा. उंचीचं असं: बिनपिसांचा वर पडला तर नॉकिंग पॉइंट खाली आहे, तो थोडा वर घ्या, खाली पडला तर थोडा खाली घ्या. उंची आधी सोडवा. नॉक खाली राहिला असेल तर शेपूट शेल्फवर आपटते आणि डावं-उजवंही चुकीचं दिसतं.

कडक निघाला तर पॉइंट 25 ग्रेनने वाढवून पाहा. 200 पर्यंत जाऊनही डावीकडेच जात असेल तर शाफ्टच मऊ घ्यावा लागेल. मऊ निघाला तर टोकाकडून पाव इंच कापा आणि पुन्हा मारा. पाव इंचापेक्षा जास्त एका वेळी कधीच कापू नका. फरक अचानक दिसायला लागतो आणि एक घाव जास्त पडला की शाफ्ट वाया जातो. बिनपिसांचा बाण उजवीकडे अगदी थोडा, तीन-चार बोटं जात असेल तर थांबा. बाकीचं भिंतीवरच्या पट्टीने जुळवता येतं. पट्टीखाली चामड्याचा पातळ तुकडा घातला की असा किंचित मऊ बाण सरळ येतो, आणि किंचित कडक असेल तर जाड पट्टी काढून पातळ लावायची. दहा मीटरवर जुळलं की पंधरा-अठरा मीटरवर पुन्हा तपासा.

एक सापळा लक्षात ठेवा. अतिशय कडक बाणाची शेपूट भिंतीवर आपटून बाहेर उडते आणि तो मऊ असल्यासारखा वागतो. 400 चा बाण चाळीस पाउंडाच्या लाँगबोवर उजवीकडे गेला म्हणून तो कापत सुटलेले लोक आहेत. कापल्यावर तो आणखी कडक होतो आणि कधीच जुळत नाही. शंका आली तर शाफ्टच्या बाजूला लिपस्टिक किंवा खडूची पूड लावून मारा. भिंतीवर डाग उमटला तर बाण आपटतोय.

कापणं आणि चिकटवणं

कार्बन हॅकसॉने किंवा पाइप-कटरने कापायचा नाही, धागे उसवतात. वेगाने फिरणारी पातळ ॲब्रेझिव्ह चकती लागते. कापायच्या जागी मास्किंग टेप गुंडाळा, शाफ्ट चकतीवर दाबून न धरता हळूहळू फिरवत कापा, मग बारीक पॉलिश पेपरवर टोक काटकोनात घासा. N95 मास्क लावा आणि काम उघड्यावर करा. ही पूड फुप्फुसात आणि कातडीत जाते, शिवाय विजेची वाहक असल्यामुळे लॅपटॉप किंवा स्विचबोर्डजवळ उडता कामा नये. चकतीची पूड ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडूने उडवू नका.

अंतिम जोडणीला दोन भागांचं इपॉक्सी उत्तम. अरल्डाइटचं 24 तासांचं घ्या, पाच मिनिटांचं घाईचं नको. शाफ्ट आतून कापसाच्या बोळ्याने अल्कोहोल लावून पुसा. बोळा काळा यायचा थांबेपर्यंत पुसत राहा. इन्सर्ट खरबरीत करून घ्या. बाण टोक खाली करून वाळत ठेवा, नाहीतर इपॉक्सी आत ओघळून एका बाजूला साचतं आणि प्रत्येक बाणाचं वजन वेगळं होतं.

इथलं मैदान, इथला पाऊस

साताऱ्याच्या पश्चिमेला जमीन दगडाची. कासकडे जांभा, बाकी काळा पाषाण. चुकलेला बाण दगडावर गेला की इन्सर्ट मागे सरकतो आणि शाफ्टचं तोंड फुटतं. त्यावर उपाय म्हणजे घट्ट बसेल अशा ॲल्युमिनियमच्या नळीचा एक-दीड इंचाचा तुकडा शाफ्टच्या तोंडावर बाहेरून चिकटवायचा. जुन्या ॲल्युमिनियमच्या बाणातून तो मिळतो. त्याचं वजन पॉइंटच्या हिशेबात धरा. सांगलीकडच्या काळ्या मातीत बाण टिकतो, पण उसाच्या पाचटाखाली सरपटत गेला की सापडत नाही. काळा शाफ्ट तर मुळीच नाही. नॉकजवळ सहा इंच पांढरं किंवा भडक पिवळं रॅप आणि दोन तरी उजळ पिसं लावा. उसात राहिलेला कार्बनचा तुकडा तोडणीवाल्याच्या हाताला लागू शकतो, म्हणून शोध अर्धवट सोडू नये.

पावसाळ्यात पिसं भिजून शाफ्टला चिकटतात आणि बाण जवळजवळ बिनपिसांचा होतो. ज्याचा बिनपिसांचा बाण नीट जुळलेला आहे त्याचं अशा दिवशी फारसं बिघडत नाही. पिसांना वॉटरप्रूफ पूड चोळा, भिजली तर किटलीच्या वाफेवर धरून फुलवा. चाळकेवाडीसारख्या वाऱ्याच्या पठारावर पाच इंची पिसं बाणाला बाजूला वाहून नेतात, तिथे चार इंची बरी. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीत बाण आणि लाँगबो दोन्ही ठेवू नयेत. हॉट मेल्टने बसवलेले इन्सर्ट सुटतात आणि धनुष्याचं लॅमिनेशन धोक्यात येतं.

स्पर्धेला जाणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. वर्ल्ड आर्चरीच्या लाँगबो विभागात बाण लाकडीच लागतात. आपल्याकडच्या इंडियन राउंड या स्पर्धाप्रकाराची बांबूच्या धनुष्याची परंपरा तर वेगळीच आहे. कार्बनचे बाण सरावाला, मैदानी फेऱ्यांना आणि जिथे नियम परवानगी देतात तिथे. स्पर्धेसाठी लाकडी संच करायचा असेल तर त्याचं वजन कार्बनच्या संचाइतकंच ठेवा, म्हणजे नेमाची उंची बदलत नाही.

प्रत्येक फेरीआधी

कार्बन वाकून सूचना देत नाही, एकदम तुटतो, आणि तुटताना त्याचे धागे मुठीत घुसतात. म्हणून बटमधून काढलेला प्रत्येक बाण पुन्हा दोरीला लावण्याआधी बघायचा. दोन्ही टोकांना धरून शरीरापासून दूर हलकेच वाका, फिरवून चारही बाजूंनी वाका, मग पिळा. करकर ऐकू आली, बोटाला धागा लागला किंवा नखाला चर जाणवली तर तो बाण संपला. दुसऱ्या बाणावर, बटच्या लोखंडी चौकटीवर किंवा दगडावर आपटलेला बाण दिसायला चांगला असला तरी ही तपासणी झाल्याशिवाय मारायचा नाही. नॉक काढून आतली कडही पाहा. मागून दुसऱ्या बाणाचा मार बसला असेल तर बारीक उभी चीर तिथेच सुरू होते. बाद झालेला बाण मधोमध मोडून टेपने गुंडाळून टाका, आणि कोणालाही जुना बाण म्हणून देऊ नका. घेणाऱ्यानेही, कितीही जिव्हाळ्याने दिलेला असो, आधी वाकवून, पिळून, 880 ग्रॅमच्या वजनाखाली मोजूनच घ्यावा.